लेदर सीटचा हट्टी वास: तो बसतो कुठे आणि काढायचा कसा

गाडीत वास येऊ लागला की बहुतेक जण आधी आरशाला सुगंधी कार्ड लटकवतात, मग सीटवर काहीतरी फवारतात. दोन-चार दिवस बरं वाटतं. त्यानंतर मूळचा वास आणि तो सुगंध मिळून तिसरंच काहीतरी तयार होतं, आणि ते पहिल्यापेक्षा असह्य असतं. सीट लेदरच्या असतील तर पुढचा उपायही ठरलेला: महागडं लेदर क्लीनर आणायचं आणि सीट चकाचक पुसायच्या. सीट चमकते, वास जिथल्या तिथे. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली गत.

गाड्यांमधलं बहुतेक लेदर उघडं नसतं. त्यावर रंगाचा थर असतो आणि त्याच्याही वर पॉलियुरेथेनचा पातळ संरक्षक थर. त्यामुळे सांडलेलं काही लगेच चामड्यात मुरत नाही, पुसलं की निघून जातं. पण द्रव पदार्थ उताराकडे जाणारच. तो शिवणीच्या भोकांतून, छिद्रांच्या सीटमधल्या बारीक छिद्रांतून आणि बसायची गादी व पाठ जिथे मिळतात त्या खाचेतून खालच्या फोममध्ये उतरतो. फोम सगळं शोषून घेतो आणि वर लेदर असल्यामुळे ते वाळायला वाट मिळत नाही. म्हणून लेदर सीटचा हट्टी वास हा बहुतेक वेळा लेदरचा नसतोच. तो कुठे बसलाय आणि कशाचा आहे, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय बाटली उघडू नका.

वास नेमका कुठून येतोय?

आपलं नाक फार लवकर सरावतं. गाडीत पाच मिनिटं बसलं की वास 'कमी झाल्यासारखा' वाटतो. प्रत्यक्षात काहीच कमी झालेलं नसतं. त्यामुळे गाडी काही तास बंद ठेवा, बाहेर मोकळ्या हवेत थोडं थांबा आणि मग एकेक दार उघडून लगेच वास घ्या. रोज त्या गाडीत न बसणारं कुणी सोबत असेल तर त्याचं नाक जास्त भरवशाचं.

सीट-सीट वेगळी तपासायला एक सोपी युक्ती आहे. बिनवासाची, धुतलेली सुती फडकी घ्या. प्रत्येक सीटच्या गादीवर एक, पाठीवर एक, पायाखालच्या कार्पेटवर एक आणि डिकीत एक अशी पसरून गाडी रात्रभर बंद ठेवा. सकाळी प्रत्येक फडकं वेगळ्या पिशवीत घालून त्यावर जागा लिहा आणि गाडीपासून लांब जाऊन एकेक हुंगा. हसू येईल, पण यातून जे कळतं ते गाडीत बसून कितीही डोकं लावलं तरी कळत नाही. पुष्कळदा सीटवरचं फडकं साफ निघतं आणि कार्पेटवरचं कुबट.

दुसरी तपासणी एसीची. गाडी सुरू करून पंखा लावल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात आंबूस किंवा ओल्या कपड्यासारखा वास आला आणि नंतर विरला, तर दोष एसीच्या इव्हॅपोरेटरवर (हवा थंड करणाऱ्या जाळीवर) साचलेल्या ओलीत किंवा आत येणारी हवा गाळणाऱ्या जुन्या केबिन फिल्टरमध्ये आहे. सीट धुऊन तो जाणार नाही. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. तो काढून नुसता डोळ्यांनी पाहिला तरी कळतं.

मग पाय ठेवायची मॅट उचला आणि खालच्या कार्पेटवर कोरडा टिश्यू ठेवून तळहाताने जोरात दाबा. टिश्यू ओला झाला तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधायला हवं. सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या तुंबणं, दाराचं रबर निकामी होणं आणि एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी बंद होणं ही नेहमीची तीन कारणं. गळती चालू असताना वासावर केलेला कुठलाही उपाय म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याचाही वास घ्या. हे जवळजवळ कुणीच करत नाही. बेल्ट कापडी असतो, त्यात घाम, धूर आणि सांडलेलं दूध सगळं मुरतं, आणि गुंडाळलेला असल्यामुळे धुताना तो आठवतही नाही. हेडरेस्ट आणि लहान मुलांच्या सीटचं कव्हरही याच यादीत.

संशयाची जागा सापडली की टॉर्च घेऊन ती जवळून पाहा. गादी आणि पाठ यांच्या मधली खाच दोन्ही हातांनी फाकवा. तिथे धाग्याच्या कडेने पिवळट किंवा पांढुरकी, किंचित चिकट रेघ दिसली, शिवणीतला धागा बाकीच्यापेक्षा गडद आणि ताठर लागला, तर द्रव तिथूनच आत गेलाय. लघवीचा संशय असेल तर अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारून पाहता येते. वाळलेले डाग फिकट चमकतात. मात्र काही क्लीनर आणि कापडाचे धागेही चमकतात, म्हणून चमकलं त्या जागेचा वास घेऊन खात्री करा.

सीट कशाची आहे, हेही बघा

'लेदर सीट' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच सीटमध्ये अंग टेकतं तेवढाच भाग लेदरचा असतो. बाजू आणि मागची बाजू रेक्झिनची. रेक्झिन जास्त सोसतं. खरी काळजी लेदरची.

न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब टाका. तो मण्यासारखा वरच राहिला तर लेदरवर संरक्षक थर आहे आणि खालच्या सगळ्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. थेंब आत शिरून जागा गडद झाली तर ते अॅनिलीन लेदर आहे, म्हणजे जवळजवळ उघडं चामडं. त्यावर ओलं काम शक्य तितकं कमी करा; डाग उठला तर तो राहतोच. स्यूडसारख्या मऊ लव असलेल्या सीटवर पातळ औषधं वापरूच नका. तिथे व्हॅक्यूम, मऊ ब्रश आणि शोषक पदार्थ एवढ्यावरच भागवा.

आणि कुठलंही औषध आधी सीटच्या खालच्या कडेला, नाण्याएवढ्या जागेवर लावून, पूर्ण वाळल्यावर तपासा. पांढऱ्या फडक्यावर सीटचा रंग उतरला तर ते औषध बाद.

आधी कोरडी सफाई

सीट पूर्ण पुढे सरकवा, मग पूर्ण मागे. रुळांमध्ये आणि सीटखाली जे सापडतं त्यात कधीकधी अख्खं उत्तर असतं: चेचलेला खाऊ, ओला मोजा, झाकण निघालेली दुधाची बाटली. व्हॅक्यूमच्या चपट्या नळीने खाचा साफ करा आणि लेदरवर फिरवताना मऊ ब्रशचं तोंड लावा, नाहीतर ओरखडे पडतात. छिद्रांच्या सीटवर व्हॅक्यूम जरा जास्त वेळ, छिद्रांवरून हळू फिरवा.

अपवाद एकच. सांडलं ते पेट्रोल असेल तर व्हॅक्यूम अजिबात लावू नका. घरगुती व्हॅक्यूमच्या मोटरमधल्या ठिणगीने वाफ पेट घेऊ शकते.

पृष्ठभाग धुणं

लेदर हे स्वभावाने किंचित आम्लधर्मी असतं; त्याचा पीएच (आम्ल-अल्क मोजायचं माप, ७ म्हणजे मध्यम) साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असतो. खायच्या सोड्याचं पाणी ८ च्या पुढे जातं, ब्लीच तर ११ च्याही वर. असल्या अल्कधर्मी गोष्टी वारंवार लागल्या की लेदर कोरडं, कडक होतं आणि भेगाळतं. म्हणून भांड्यांचा किंवा कपड्यांचा साबण, अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर, ब्लीच हे सगळं बाजूला ठेवा. स्पिरिट किंवा सॅनिटायझर तर वरचा थर आणि रंगच विरघळवू शकतं. लागतं फक्त लेदरसाठी बनवलेलं सौम्य क्लीनर, एक मऊ ब्रश, तीन-चार मायक्रोफायबरची फडकी आणि साधं पाणी.

क्लीनर सीटवर नाही, ब्रशवर किंवा फडक्यावर घ्यायचं. हा नियम छिद्रांच्या सीटसाठी तर अगदी काटेकोर, कारण सीटवर फवारलेलं थेट फोममध्ये जातं आणि सोबत वरची घाणही नेतं. वीतभर-दीड वीत जागा घ्या, फेस करून हलक्या हाताने गोलाकार घासा, लगेच ओलसर फडक्याने पुसा, लगेच कोरड्याने टिपा, आणि मगच पुढची जागा. शिवणींना मऊ टूथब्रश. फडकं मळलं की बदला. मळक्या फडक्याने पुसणं म्हणजे घाण एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं.

घामाचा आणि अंगाच्या तेलकटपणाचा वास असेल तर बहुतेक वेळा काम इथेच संपतं. ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड, हेडरेस्ट, आर्मरेस्ट आणि स्टिअरिंग व्हीलचं लेदर दोनदा करा.

वास कशाचा, त्यावर औषध

इथे जरा रसायनशास्त्र समजून घेतलं तर पुढची बरीच मेहनत वाचते.

*दूध आणि उलटी.* सगळ्यांत चिवट प्रकार. दुधातली प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ जिवाणू खातात आणि त्यातून ब्युटिरिक आम्ल तयार होतं. उलटीच्या वासातही तेच असतं. हे आम्ल अगदी नगण्य मात्रेत असलं तरी नाकाला कळतं. घरोघरी सांगितला जाणारा व्हिनेगरचा उपाय इथे फसतो तो यामुळेच: आम्लाच्या वासावर आणखी आम्ल ओतून काय होणार? सोड्यासारख्या अल्काने ते मारता येईल, पण अल्क लेदरला सोसत नाही. म्हणून इथे एन्झाइमचं क्लीनर लागतं, ज्यात प्रथिनं तोडणारं प्रोटिएझ आणि स्निग्ध पदार्थ तोडणारं लायपेज असतं. हे वासावर पांघरूण घालत नाही, वास बनवणारा माल संपवतं.

एन्झाइम वापरताना तीन गोष्टी लोक चुकवतात. एक, ते फवारून लगेच पुसतात. एन्झाइमला वेळ लागतो आणि ओल लागते. बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ती जागा ओलसर राहिलीच पाहिजे. वर प्लॅस्टिकचा तुकडा झाकला की लवकर वाळत नाही. दोन, आधी जंतुनाशक किंवा स्पिरिट मारून ठेवतात आणि मग वरून एन्झाइम. आधीच्या औषधाने एन्झाइम निकामी होतं. तीन, कढत पाणी वापरतात. उष्णतेने एन्झाइम मरतं आणि दुधाची प्रथिनं गोठून जास्तच चिकटतात. कोमट किंवा गार पाणीच वापरा. बाटलीवर लेदरसाठी चालतं असं स्पष्ट लिहिलेलं असावं, आणि लेदरच्या मोकळ्या पृष्ठभागावर औषध साचू न देता ते शिवणीत आणि खाचेत पोचवायचं; सुई नसलेली सिरिंज यासाठी फार कामाची. थेंब-थेंब शिवणीवर सोडा, दर थोड्या वेळाने. लेदरवर ओघळलेलं लगेच टिपा.

सांडून तासभरच झाला असेल तर नशीब चांगलं. मग कोरड्या जाड फडक्याने दाबून दाबून टिपा, घासू नका. वजन देऊन दाबलं की फोममधलं बरंच वर येतं. ओलं नवं फडकं, मग कोरडं, असं आलटून पालटून फडकं स्वच्छ निघेपर्यंत.

*लघवी.* ताज्या लघवीचा वास फारसा नसतो. तिच्यातल्या युरियाचा जिवाणूंमुळे अमोनिया होतो तेव्हा तो डोक्यात जातो. अमोनिया अल्कधर्मी, त्यामुळे इथे पाणी घातलेलं व्हिनेगर खरोखर उपयोगी पडतं: एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन-तीन भाग पाणी, त्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं, आणि नंतर साध्या पाण्याचं फडकं. पण मांजर किंवा कुत्र्याच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही. युरिक आम्लाचे स्फटिक पाण्यात धड विरघळत नाहीत. ते फोममध्ये बसून राहतात आणि हवा दमट झाली की वास पुन्हा उठतो. 'पावसाळी दिवशीच वास येतो' अशी तक्रार असेल तर हेच समजा आणि प्राण्यांच्या लघवीसाठी असलेलं एन्झाइम वापरा. व्हिनेगर आणि एन्झाइम एकाच दिवशी नको. आधी एन्झाइमला त्याचं काम पूर्ण करू द्या.

एक इशारा जिवावरचा आहे. ब्लीच लघवीवर ओतू नका आणि व्हिनेगरमध्ये किंवा अमोनियाच्या क्लीनरमध्ये मिसळू नका. त्यातून क्लोरीन किंवा क्लोरामाइनसारखे विषारी वायू निघतात, आणि बंद गाडीत ते फार लवकर साठतात.

*सिगारेट.* या वासाचं वेगळेपण हे की तो सीटमध्ये एका जागी नसतो, तो सगळीकडे असतो. धुरातलं निकोटिन आणि डांबर काचेवर, छताच्या कापडावर, बेल्टवर, एसीच्या वाटांमध्ये पातळ थर करून बसतं. काचेच्या आतल्या बाजूवर ओलं पांढरं फडकं फिरवा. ते पिवळट तपकिरी निघालं तर बाकी गाडीची कल्पना येईल. त्यामुळे नुसती सीट धुऊन काहीच साधत नाही. क्रम असा ठेवा: आधी छत, मग काचा, डॅशबोर्ड, दारं, बेल्ट, मग सीट, आणि शेवटी कार्पेट. वरून खाली. छताचं कापड गोंदाने चिकटवलेलं असतं, ते भिजवलं तर लोंबतं; तिथे फेस फडक्यावर घेऊन फक्त टिपायचं. निकोटिनही अल्कधर्मी असल्यामुळे सीटवर पातळ व्हिनेगरचं फडकं फिरवणं उपयोगी. केबिन फिल्टर नवा घाला, पण सफाई झाल्यावर. आधी घातला तर नवा फिल्टरही धुराचा वास धरून बसेल.

*कुबट, बुरशीचा वास.* ओल २४ ते ४८ तास टिकली की बुरशी धरायला लागते. सीटवर पांढरी-हिरवी पावडर दिसत असेल तर गाडी बाहेर मोकळ्यावर न्या, तोंडाला मास्क बांधा आणि कोरडा ब्रश फिरवून बुरशी घरभर किंवा गाडीभर उडवू नका; ओलसर फडक्याने उचला आणि ते फडकं टाकून द्या. मग पातळ व्हिनेगर, मग सौम्य क्लीनर. पण खरं औषध इथे एकच, ते म्हणजे वाळवणं. त्याबद्दल पुढे.

*पेट्रोल-डिझेल.* टिपा, सगळी दारं उघडी ठेवा, ठिणगी आणि काडीपेटी लांब. पेट्रोल बऱ्यापैकी उडून जातं. डिझेल हळू उडतं, म्हणून त्याचा वास आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. तिथे क्लीनरने दोनदा धुणं आणि सक्रिय कोळसा एवढंच हातात असतं.

आणि सडका, गोडसर, दिवसागणिक वाढणारा वास असेल, सीट मात्र स्वच्छ असेल, तर एसीच्या पंख्यात किंवा सीटखाली उंदीर मेलाय का ते पाहायला लावा. सीटला उगाच शिक्षा नको.

वास फोममध्ये गेला असेल तर

वरून कितीही केलं आणि आठवड्याने वास परतला, तर फोमपर्यंत खालून जावं लागतं. मागची बसायची गादी अनेक गाड्यांत क्लिपांवर किंवा दोन-तीन बोल्टवर बसवलेली असते आणि ती अख्खी उचलून बाहेर काढता येते. आधी गाडीच्या पुस्तिकेत पाहा. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत मागच्या सीटखाली उच्च विद्युतदाबाची बॅटरी किंवा तिची हवा घेण्याची जाळी असू शकते. तिथे स्वतःहून हात घालू नका.

गादी उलटी केली की फोम उघडा दिसतो आणि गुन्हेगार बहुतेक वेळा स्वतःच समोर येतो: बाकी फोम फिकट, आणि एका बाजूला नकाशासारखा पिवळा-तपकिरी डाग, कडेला गडद. आता औषध खालून द्या, लेदरला न भिजवता. डागापेक्षा चार बोटं जास्त जागा घ्या, कारण द्रव आत पसरलेला असतो. एन्झाइम मुरू द्या, मग जाड टॉवेल ठेवून वजनाने दाबा किंवा पाणी ओढणारा व्हॅक्यूम मिळत असेल तर त्याने ओढून घ्या. जुना डाग असेल तर हे पुन्हा करावं लागतं.

पुढच्या सीटचं प्रकरण वेगळं. तिच्यात बाजूची एअरबॅग असू शकते, गरम करण्याची जाळी असू शकते, आणि बसलेला माणूस ओळखणारा सेन्सरही. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते बहुधा एअरबॅगचे. ते काढू नका, त्यावर पाणीही नको. सेन्सर भिजला तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागू शकतो आणि मग वासाची अडचण परवडली असं वाटतं. पुढची सीट उघडायची वेळ आली तर ते काम करणाऱ्या माणसाकडेच द्या.

वाळवणं

अर्धवट वाळलेली सीट बंद गाडीत ठेवली तर आधीच्या वासात कुबट वासाची भर पडते, म्हणून या कामाला सीट धुण्यापेक्षा जास्त वेळ राखून ठेवा. गाडी सावलीत, चारही दारं उघडी, आणि एक टेबल फॅन खाचेच्या दिशेने लावलेला. खाच उघडी राहावी म्हणून मध्ये गुंडाळलेलं कोरडं फडकं अडकवा. दारं उघडी ठेवल्यावर आतला दिवा बॅटरी खाणार नाही एवढं बघा. गाडी गॅरेजमध्ये असेल तर हवेतली ओल ओढणारं डीह्युमिडिफायर यंत्र पंख्यापेक्षाही चांगलं.

ऊन दाखवून वाळवायचा मोह आवरा. उन्हात बंद गाडीतलं तापमान ५० अंशांच्या वर सहज जातं आणि ओलं लेदर त्यात आक्रसतं, कडक होतं. हेअर ड्रायर आणि वाफेचं यंत्र यांचंही तेच. सीट गरम करायची सोय असेल तर फोम ओला असताना ती चालू करू नका.

फोम वाळला की नाही हे वरच्या लेदरला हात लावून कळत नाही. खाचेत टिश्यू खोचा, त्या जागेवर थोडा वेळ बसा, उठून टिश्यू पाहा. कोरडा आला तरी आणखी एक दिवस द्या.

उरलासुरला वास शोषून घेणं

सक्रिय कोळशाच्या पिशव्या सीटखाली आणि खाचेजवळ ठेवा, गाडी बंद ठेवा, आणि आठवडाभर विसरून जा. कोळसा हवेतले वासाचे रेणू आपल्या सूक्ष्म छिद्रांत धरून ठेवतो. स्रोत शिल्लक असेल तर तो मात्र काढू शकत नाही. म्हणून त्याचा क्रम इतका शेवटी.

खायचा सोडा लेदरवर पसरवण्याचा सल्ला सगळीकडे दिसतो. मला तो पटत नाही. पावडर शिवणींत आणि छिद्रांत जाऊन बसते, ओल लागली की तिचे पांढरे खडे होतात आणि ते काढताना नाकी नऊ येतात. सोडा वापरायचाच तर उघड्या डब्यात किंवा सुती पुरचुंडीत. कोरड्या कार्पेटवर पसरायला हरकत नाही. कॉफीची पूड वास शोषते त्यापेक्षा स्वतःचा वास जास्त सोडते.

ओझोनचं यंत्र हा शेवटचा उपाय, आणि तोही माहीतगार माणसाच्या हातून. ओझोन वासाचे रेणू तोडतो हे खरं, धुराच्या वासावर त्याचा उपयोगही होतो. पण तोच ओझोन फुप्फुसांना घातक असतो आणि रबराला भेगा पाडतो. यंत्र चालू असताना गाडीत माणूस किंवा प्राणी नको, नंतर सगळी दारं उघडून गाडी चांगली मोकळी व्हायला हवी, आणि 'जास्त वेळ लावलं तर जास्त चांगलं' हे इथे लागू नाही. दुधाने भिजलेल्या फोमवर ओझोनचा काही उपयोग नाही. तो तिथवर पोचतच नाही.

कंडिशनर अगदी शेवटी

वास पूर्ण गेल्यावर आणि सीट किमान दिवसभर कोरडी राहिल्यावरच लेदर मऊ ठेवणारं कंडिशनर लावा. पाण्याच्या आधाराचं, बिनवासाचं घ्या. लेदरचा कृत्रिम सुगंध असलेलं लावलं तर वास खरंच गेला की झाकला गेला हे कळणार नाही. फडक्यावर थोडंसं घेऊन पातळ थर द्या आणि दहा-पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून टाका. छिद्रांत साचू देऊ नका. स्वयंपाकघरातलं तेल कधीही नको. ते सीटवर खवट होतं, आणि खवट तेलाचा वास काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

त्यानंतर आठवड्याने तीच फडक्यांची परीक्षा पुन्हा घ्या, शक्यतो दमट दिवशी. त्या एकाच जागेचं फडकं अजून वास मारत असेल तर सगळी गाडी पुन्हा धुवू नका. तेवढ्याच शिवणीवर एन्झाइमची आणखी एक फेरी द्या. दोन-तीन फेऱ्यांनंतरही फरक नसेल तर सीटचं काम करणाऱ्या कारागिराला लेदर उतरवून खालचा फोम बदलायला सांगा. लेदर तेच राहतं, फक्त आतली गादी नवी येते. त्याला आधीच विचारून घ्या की एअरबॅग असलेल्या सीटचं काम त्याने केलंय का आणि शिवण पुन्हा घालताना एअरबॅगच्या बाजूला तो कुठला धागा वापरणार आहे. ती शिवण एअरबॅग उघडताना फाटावी अशाच धाग्याने घातलेली असते, तिथे जाड मजबूत धागा चालत नाही. या प्रश्नावर तो गोंधळला तर दुसरा कारागीर शोधा.